जप्तीतली तागडी

दुर्गाबाईला चोर ठरवलं ते वजनमापं तपासणाऱ्या साहेबानं, आणि तेही वाटूरच्या भर बाजारात. चाळीस वर्षं मिरची विकणाऱ्या बाईच्या तागडीवर यंदाचा शिक्का नव्हता, एवढाच काय तो गुन्हा.

"खोटं माप आहे हे. लोकांना लुटता काय? बॅटरीवरचा काटा घ्या," असं ओरडून साहेबानं तागडी जप्त केली. दुर्गाबाई नवा काटा घेऊन बसली, पण गिऱ्हाईक तिच्या पालाकडं बघून पुढं जायला लागलं.

सहा महिन्यांनी जप्तीचा माल भंगारात निघाला. निदान आपली तागडी तरी मागून आणावी म्हणून ती साहेबाच्या परतूरच्या कचेरीत गेली. आवारात तागड्यांचा अन् वजनांचा ढीग पडला होता, भोवती बाजारातली माणसं जमली होती. भंगारवाल्यानं पहिलं पोतं सरकारी काट्यावर ठेवलं, तर काटा दोनदा लुकलुकला अन् विझला. लाईट सकाळपासून नव्हती.

"साहेब, जल्दी करा, टेम्पो उभा हाय," भंगारवाला कावला.

साहेबानं ढीग उपसला. चार तागड्या उचलून फेकल्या, पाचवी हातात धरली. तिची दोन्ही पारडी सारखी थांबली.

"ही बिलकुल बरोबर आहे. घे, हिच्यावर मोज."

भंगारवाल्यानं पाच किलोचं वजन टाकून, एकाच्या जागी शुभाचा 'लाभ' म्हणत मोजणी धरली. "लाभ... दोन... तीन..."


दुर्गाबाईनं पुढं होऊन तागडीची दांडी धरली. "ही माझी हाय, साहेब. आता ह्या सगळ्यांसमोर सांगा, बाजारात मला चोर कशापायी म्हणलात?"