गुप्तहेराचा कोट

दत्ताराम शिंप्याच्या दुकानातल्या आरशासमोर गंगाधर मास्तर उभे होते आणि त्यांना स्वतःचीच ओळख पटत नव्हती. पडलेले खांदे भरून आले होते. पोट कुठे गेले ते कळत नव्हते. छातीवरच्या खिशातून रुमालाचे टोक डोकावत होते. सिनेमातला गुप्तहेर अगदी असाच दिसे. चालत्या आगगाडीवरून उडी मारून, गुंडांना लोळवून तो उठे, तेव्हाही त्याच्या कोटाला एक सुरकुती नसे.

"सुटाची तऱ्हा येगळी हाय, मास्तर," दत्ताराम म्हणाला. "सदऱ्यासारखी नाय. मी पायली तशीच बेतली. माझ्या मनाचा काय घातला नाय."

त्याने ती मनसोक्त पाहिली होती. महाडात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला, तेव्हा वाऱ्याने पडदा टरकावला होता. दत्तारामने तो शिवून दिला. खूश होऊन मालकाने त्याला रोज फुकट आत घेतले. पण पुरुषांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून त्याला पडद्यामागे, बायकांच्या बाजूला, एका कोपऱ्यात बसवले. पडदा पातळ होता. चित्र दोन्हीकडून दिसे.

मास्तर त्याच कोटात मामांबरोबर पोलादपूरच्या एस.टी.त बसले. चारुलता तिथल्या शाळेत शिकवायची. शिक्षकांच्या मेळाव्यात तिने मास्तरांच्या प्रयोगातली चूक कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितली होती. तेव्हापासून मास्तरांना दुसरी मुलगी बघायची इच्छाच उरली नव्हती.

"एवढं लक्षात ठेव," मामा म्हणाले. "पोरगी बोलत नाही. नापसंत असलं की पोह्यांची बशी हातात देते आणि मुकाट आत जाते. आतापर्यंत सगळ्यांनी पोहेच खाल्लेत."

मग त्यांची नजर कोटावर स्थिरावली. "गंगाधर, हा खिसा उजवीकडे कसा रे?"

मास्तरांनी खाली पाहिले. खिसा उजवीकडे होता. बटणे डावीकडे होती. आरशात मात्र सगळे जागच्या जागी दिसले होते. दरवर्षी आठवीला प्रकाशाचे प्रकरण शिकवणारे मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"काढून ठेव तो."

"आत जुना सदरा आहे, मामा. पाठीला ठिगळ आहे."

"ठिगळ तरी सरळ लावलंय ना?"

चारुलतेचे वडील, चिंतामणी अण्णा, बाजारपेठेतले किराणा दुकानदार. तोच तंबू पुढे पोलादपुरात आला, तेव्हा त्यांनी सिनेमा अगदी पुढच्या सतरंजीवर बसून पाहिला होता. पाहुण्यांना पाणी दिल्यावर त्यांनी कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"त्या गुप्तहेराच्या धाटणीचा शिवलाय वाटतं."

"हो."

"मग घाईत आतली बाजू बाहेर आली का?"

माजघरातून हसू फुटले. मामांना खोकला आला. कोटात भरलेले खांदे तसेच राहिले. त्यांच्या आतले मास्तरांचे खांदे मात्र पडले.

चारुलता पोहे घेऊन आली. तिने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. ती कोटाकडे बघत होती. आधी खिशाकडे, मग बटणांकडे. तिने बशी त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी मान खाली घातली आणि ती वळण्याची वाट पाहिली.

"बघ गं चारू," अण्णा म्हणाले, "मास्तरांनी खिसा उजवीकडे लावून घेतलाय. सिनेमात डावीकडे होता. मी नीट पाहिलाय."

चारुलता वळली नाही.

"सिनेमा मीही पाहिलाय," ती म्हणाली. "खिसा उजवीकडेच होता. बटणं डावीकडे. उडी मारून उठला की तो रुमालही उजवीकडेच नीट करायचा."

अण्णांना लेकीचा आवाज अशा वेळी ऐकायची सवय नव्हती. "अगं, मी अगदी पडद्यासमोर बसलो होतो."

"आणि आम्ही बायका पडद्यामागे."

"मग तेच म्हणतो मी. तुम्ही उलटं पाहिलंत."

मास्तरांनी हळूच मान वर केली. चारुलतेने त्यांच्या बशीतल्या पोह्यांवर आणखी थोडे खोबरे पेरले.

"उलट्या बाजूला तुम्ही पुरुष बसता, अण्णा. ह्यांचा खिसा आहे तिथेच राहू दे."