एकच तारा

"माणसं खोटं बोलतील, रिव्ह्यूतले पाच तारे बोलत न्हाईत," असं ठणकावून रिटायर्ड सुभेदार लालासाहेबांनी नात अंकिताला वाईजवळच्या पाण्यानं भरलेल्या दगडखाणीत स्कूबा शिकायला उतरवलं. मग काठावर बसून त्यांनी फोनवर त्या क्लासचे चारशे रिव्ह्यू पहिल्यांदाच वाचायला घेतले. 'चहा फक्कड.' 'पार्किंग प्रशस्त.' 'चहा एक नंबर.' शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही.

तेवढ्यात पाण्यावरचे बुडबुडे थांबले.

"आवं, अंकिता दिसंना की!" शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको बनुबाई ओरडल्या.

लालासाहेबांचा अंगठा शेवटच्या रिव्ह्यूवर गेला. तिथं एकच तारा होता. 'मास्तर पाण्याखाली तोंडातली हवेची नळी काढून घेतो. परत लावायला जमेपर्यंत पुन्हा पुन्हा काढतो. मला रडवलं.'

लालासाहेबांनी लांब श्वास सोडला. "बस खाली. फौजेतला आमचा उस्ताद असाच हुता. पोरगी येतीया वर."

बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. शेवटी अंकिता वर आली ती फणफणतच. "नऊ वेळा नळी काढली यांनी! आबा, फोन द्या. एकच तारा देते."

मास्तरांनी घाईघाईनं हात जोडले.



"ताई, आधी चहा घ्या, आन् लिवायचंच तर तेवढं चहाचं लिवा."