बसतंय का?

"बसतंय का?" कटिंगमास्तरांनी पडद्याबाहेरून विचारलं.

अठरा वर्षं ते असंच विचारत आले होते आणि अठरा वर्षं पडद्याआडून एकच उत्तर येत होतं, "बसतंय." कारखान्यातली प्रत्येक नवी ब्रा आधी चौतीसमावशीच्या अंगावर चढायची, मग बाजारात जायची. मावशीचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं.

आज मात्र पडद्याआड एक नवी पोर उभी होती आणि मावशी तिच्या पाठीवरचे हूक लावत होती. गिऱ्हाइकांची पत्रं वाढली होती. पट्टा रुततो, काखेत काचतं, श्वास कोंडतो. साहेबांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण टेबलावर टाकून निकाल दिला, "बायकांचं सरासरी माप वाढलंय. खातात आणि बसून राहतात, आपण काय करणार?" चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा पॅटर्न सोडून बायकांच्या अंगावर आळ आला. मास्तर शिलाईच्या रांगांमधून एक चक्कर मारून आले आणि नुसत्या नजरेनं छत्तीसची म्हणून एक पोर निवडली. मावशीला पॅकिंगला पाठवायचं ठरलं, तेही 'जमलं तर'. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करतंय, हे तिलाही ठाऊक होतं.

तिलासुद्धा मास्तरांनी असंच नजरेनं, चौतीसची म्हणून, निवडलं होतं. बाईमाणसाला टेप लावणं बरं दिसत नाही, म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतः टेप लावून पाहिला, तर छत्तीस. भीतभीत तिनं सांगितलं, "मास्तर, काचतंय." मास्तर म्हणाले, "पॅटर्न बरोबर आहे. काचत असेल तर खोट तुझ्यात आहे. मशीनवर परत जायचंय का?" इथं पंखा होता, टेकायला स्टूल होतं, आणि मशीनवर तिची पाठ पार मोडून गेली होती. त्या दिवसापासून तिला सगळंच बसायला लागलं.

माप वाढलंबिढलं काही नव्हतं. कुणी ते कधी घेतलंच नव्हतं.

आता शेवटचा हूक काही केल्या लागेना. मावशीनं पोरीभोवती टेप फिरवला. अडतीस.

"मावशी, फार काचतंय हो," पोर कुजबुजली. "काय सांगू?"

"आहे ते सांग."

"अगं, बसतंय का?" मास्तरांचा आवाज चढला.

पोरीनं मावशीकडे पाहिलं. मावशीच्या डोळ्यांपुढे पॅकिंगचं टेबल आलं, तिथली खुर्ची आली. मग अठरा वर्षांचा संताप एकदम उसळून आला.

"नाही बसत," ती म्हणाली. "काचतंय. मलाही काचत होतं, पहिल्या दिवसापासून. मी छत्तीस होते, मास्तर, आणि ही अडतीस आहे. एकदा तरी टेप लावायला सांगायचं होतं."



"तुला कोण विचारतंय?" मास्तर अगदी शांतपणे म्हणाले. "तुझं इथलं काम संपलं. पॅकिंगचंही राहू दे आता. पोरी, तू सांग. बसतंय, की मशीनवर परत जायचंय?"

पोरीनं मावशीकडे पाहिलं नाही. तिनं स्टुलाकडे पाहिलं.

"बसतंय, मास्तर."

पडद्याबाहेर कागदावर शिक्का पडला. मास्तरांच्या चपला दूर गेल्या.

मावशी पोरीवर रागावली नाही. रागवायचं कुणावर, अठरा वर्षांपूर्वीच्या स्वतःवर? तिनं मुकाट्यानं हूक सोडले. पोरीच्या पाठीवर या काखेपासून त्या काखेपर्यंत लालभडक वळ उठला होता.

पोरीनं मागे हात नेऊन तो चाचपला. "मावशी," तिनं हळूच विचारलं, "हे वळ नंतर जातात ना?"

मावशीनं टेप गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

"जातात," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी."