नजर कॅमेऱ्याकडे

हॉस्पिटलातल्या रेसिडेन्सीच्या अर्जाला फक्त फोटो लावायचा राहिला होता आणि मुदत संध्याकाळी संपत होती. नुकत्याच डॉक्टर झालेल्या धाकटीने स्टुडिओतून आलेले फोटो लॅपटॉपवर उघडले. ताई शेजारी येऊन बसली.

"चेहरा छान आलाय गं. पण बघतेयस कुठे?"

एकाही फोटोत तिची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. पहिल्यात ती दूर, दाराकडे बघत होती. पुढच्यात त्याहून जवळ. शेवटच्या फोटोत तर मान किंचित वर होती, अगदी पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"मी कॅमेऱ्यातच बघत होते. आणि तिथे फोटोग्राफरशिवाय कुणी नव्हतं."

"असू दे, मीच काढते." ताईने तिला भिंतीपाशी उभं केलं, कोटाची कॉलर सारखी केली आणि मोबाइल समोर धरला. "हं, माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडेच बघतेय."

ताई मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहिली.

"नाही," ती हळूच म्हणाली, "तू माझ्या मागे बघतेयस."

धाकटी ताईकडेच बघत होती. पडद्यावरची धाकटी मात्र नजर सरकवत सरकवत ताईच्या खांद्यापाशी थांबली आणि ओळखीचं हसली.