आतल्या पट्ट्या

गॅसवर तापवलेली पातळ सुरी तात्यांनी गिटारच्या पाठीच्या सांध्यात सरकवली. लाकूड चिकटवलेला जुना सरेस करकरला. या कामात गिटार धरायला दुसरं माणूस लागतं. आधी बायको, वासंती, धरायची. ती गेल्यापासून तात्या गुडघ्यांतच दाबून धरतात.

उद्या संध्याकाळी रुचिर गिटार न्यायला येणार होता. रुचिर म्हणजे मंदारचा, त्यांच्या मुलाचा, शागीर्द. महाकालच्या दर्शनाला आला आणि टावर चौकात विचारत विचारत तात्यांच्या वाद्यांच्या दुकानात पोचला.

"सर म्हणाले, पाठीला भेग पडलीये. उज्जैनला जातोयस तर बाबांकडेच दे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"आणखी काय म्हणाला?"

"बस, एवढंच."

एवढंच. दिवाळीच्या फोनवरही एवढंच असतं. तब्येत कशी, ठीक. मग दोघांनाही फोन ठेवायची घाई.

मंदार चौदाचा होता तेव्हा गिटार मागितली. पोरगं डावखुरं. आता डावखुऱ्याची गिटार नुसत्या तारा उलट्या लावून होत नाही. वरच्या फळीला आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. जाड तारांकडे फळी मोकळी, बारीक तारांकडे घट्ट. त्या सगळ्या पट्ट्या आरशात दिसतात तशा फिरवाव्या लागतात. चार दिवसांचं काम. तात्यांना फुर्सत नव्हती. एक गिटार तयार पडली होती, हीच. तिच्याच तारा उलट्या चढवल्या.

"ले बेटा. खास तुझ्यासाठी बनवली."

ती दबकीच वाजायची. पोरगं कुरकुरलं की तात्या म्हणायचे, "गिटार ठीक आहे. हात उलटा आहे तुझा."

दोन वर्षांनी सिंहस्थ आला. तात्यांनी इकडे दुकानाला कुलूप लावलं, किल्ली घरी ठेवली आणि महिनाभर रामघाटावर ढोलकं-टाळ विकले. परत आले तर मंदार गिटार घेऊन दारातच उभा.

"बाबा, आता ऐका ना."

"थकलोय रे. नंतर."

ते नंतर काही आलं नाही. पोरानंही परत म्हटलं नाही. बारावी झाली आणि पुण्याला निघून गेलं.

आज सकाळपासून बसून तात्यांनी नव्या पट्ट्या तासल्या होत्या. मधे जाड, टोकांना निमुळत्या. एकेक कानाशी धरून टिचकी मारून बघितली. भेग बुजवणं हे तर सांगितलेलं काम. खरं काम दुसरंच होतं. पाठ उघडायची, जुन्या पट्ट्या काढायच्या, या फिरवून लावायच्या, बंद करायची. मंदारला कळायचं नाही. सत्तरी उलटली होती. पोराला दिलेलं ते खोटं तसंच मागे ठेवून जायचं नव्हतं.

आरसा घालून आत बघायचीही गरज वाटली नव्हती. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं.

पाठ सुटली. तात्यांनी चष्मा पुसला. परत पुसला.

पट्ट्या फिरवलेल्याच होत्या. डावखुऱ्याला लागतात तश्शाच. जुन्या पट्ट्यांच्या जागी नुसते सरेसचे डाग उरले होते. काम नवशिक्याचं. कुठे पटाशी घसरलेली, कुठे सरेस ओघळलेला, आणि पटाशीचा प्रत्येक घाव डाव्या हाताचा.

तात्यांची एक सवय होती. प्रत्येक गिटारच्या आत पट्टीवर पेन्सिलीनं लिहायचे, कुणी बनवली, कुणासाठी. या गिटारवर तेवढं लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी काय?

आता तिथे अक्षरं होती. कच्ची, डावीकडे झुकलेली. तात्यांनी गिटार खिडकीच्या उजेडात धरली.

'सिंहस्थ २००४. बाबांनी बनवली. खास माझ्यासाठी.'