ठमीचं दावं

म्हातारी आपल्या ठमी गाईला घेऊन स्टेशनच्या मालधक्क्यावरच्या रांगेत उभी होती. मागे तिची सून, तान्ह्याला खांद्यावर टाकून. दुभती गुरं द्यायची, असं तहात ठरलं होतं. भाकड नको, वासरू नको. जिंकलेल्यांना फक्त दूध हवं होतं. ठमीचं वासरू घरी हंबरून हंबरून घसा बसवून घेत होतं.

गोठ्यात दुसरी गाय नव्हती. पण तह करणारी मोठी माणसं. कुणाच्या गोठ्यात काय उरतं, त्याच्याशी त्यांना काय देणंघेणं!

लढाई थांबली तेव्हा याच म्हातारीने साऱ्या आळीला ऐकवलं होतं, "हरलो तर हरलो. संपलं ना एकदाचं? त्यांचीही पोरं घरी जातील." शेजारणींनी तेव्हा नाकं मुरडली होती.

तिची पाळी आली. जिंकलेल्यांचा गुरांचा डॉक्टर भला माणूस निघाला, हेच वाईट झालं. खेकसला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने ठमीचे दात पाहिले, कास चाचपली, आणि मोडक्यातोडक्या का होईना, तिच्याच भाषेत विचारलं, "आजी, हिची काही खोड? काही सवय? सांगून ठेवा. तिकडे तिचे हाल नकोत."

खोड होती ना! नुसतं भांडं घेऊन बसलं तर ठमी पान्हा सोडत नसे. आधी तिला गळ्याखाली खाजवायचं, मग तिच्या पोटाला कपाळ टेकायचं आणि हळू आवाजात कुणाची तरी गाऱ्हाणी सांगायची. म्हातारी रोज सुनेची सांगे. सून भिंतीपलीकडून सगळं ऐके, आणि दूध भरपूर निघतं म्हणून मूग गिळून बसे. हे लाड झाले नाहीत तर ठमी दूध चोरायची, लाथा झाडायची, भांडं लवंडायची. परक्यांच्या गोठ्यात तिचं काय होणार ते दिसतच होतं. आधी काठी, मग खाटीक.

सांगायला कितीसा वेळ लागला असता? म्हातारीने मागे पाहिलं. तान्हं सुनेच्या खांद्यावरचं कापड चोखत होतं.

"खोड कसली?" ती म्हणाली. "गरीब गाय आहे. कुणीही बसावं आणि धार काढावी."

डॉक्टरने समाधानाने मान हलवली. शिपायांनी ठमीच्या गळ्यात साखळी अडकवली आणि तिला ढकलत डब्यात चढवलं. दारातून तिने मान वळवली. म्हातारीने पाठ फिरवली आणि चालू लागली.

फाटकापाशी डॉक्टर धापा टाकत मागून आला. "आजी, तुमचं दावं राहिलं. तहात फक्त गाय आहे. जास्तीचं आम्ही काही घेत नाही."

म्हातारीने दावं घेतलं. 

रस्त्याला लागल्यावर सुनेला राहवेना. "आई, तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. मारतील हो तिला."

"मारू देत."

"जीव होता तुमचा तिच्यावर."

"आहे." म्हातारी न थांबता म्हणाली. "पण त्यांच्या पोरांच्या तोंडी तिचं दूध लागायला नको."

सून जागच्या जागी उभी राहिली. एवढी वर्षं सासूची बोलणी खाल्ली होती, पण तिची भीती आज पहिल्यांदा वाटली.

मागे शिट्टी झाली. गाडी हलली. म्हातारीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त तिची बोटं हातातल्या दाव्यावर, ठमीच्या गळ्याच्या घामाने जिथे ते अजून ओलं होतं तिथे, हळूहळू खाजवत राहिली.