टचिंग

पेठ वडगावात गेलेल्या माणसांच्या फोटोचं टचिंग करावं ते प्रसेनजीतनंच. पण आठ दिवस त्याचाच जीव थाऱ्यावर नव्हता. त्याची आई गेली होती, आणि तिचा हसतानाचा एकुलता एक फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर रोज बिघडत होता. उघडला की चेहऱ्यावर हिरवी रेघ. तो ती पुसायचा, त्याच फाईलवर सेव्ह करायचा. दुसऱ्या दिवशी तिथं दोन रेघा. व्हायरस असेल म्हणून त्यानं विंडोज दोनदा टाकलं, मग हार्ड डिस्कही बदलली. आज चेहरा गेला, नुसता पदर उरला.

शेवटी कोल्हापुरातनं बोलावलेल्या आकाराम मेकॅनिकनं रॅम उपसून टेबलावर आपटली.

“डिस्कला काय धाड भरल्या? ही रॅम खराब हाय. तू सेव्ह केलंस की दर टायमाला हीच फोटो नासवायची. मूळचा चांगला हुता की, मर्दा! हात कशाला लावलास त्याला?”

प्रसेनजीत पडद्यावरच्या पदराकडं बघत राहिला.

“हसली की पडलेल्या दाताची खिंड दिसायची रं तिची. तेवढा एक बसवावा म्हटलं.”